तुरटीनं पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही

कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की सांगलीकरांचं लक्ष कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे, तिथल्या पाणीपातळीकडे लागतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. मग मोबाइलवर तयारीच्या याद्या फिरू लागतात. टॉर्च, पॉवर बँक, औषधं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. याद्या चांगल्याच असतात, पण त्यातली एक ओळ घातक आहे: 'पाण्यात तुरटी फिरवा, पाणी शुद्ध होतं.'

वीज गेली की आरओ बंद, नळाला पाणी चढवणारे पंपही बंद. म्हणून पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोजचं चार लिटर पाणी आधीच भरून ठेवावं. ते संपलं की गढूळ पाण्याशी गाठ पडते.

मातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण प्रभार (निगेटिव्ह चार्ज) असतो. ते एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून तळाशी बसत नाहीत. तुरटीतलं ॲल्युमिनियम हा प्रभार नाहीसा करतं; कापसासारखे पुंजके होतात आणि गाळ घेऊन खाली बसतात. काही जंतूही त्यांच्याबरोबर जातात, पण मरत नाहीत. वरच्या नितळ पाण्यात कॉलरा, कावीळ, विषमज्वराचे जंतू खुशाल राहू शकतात.

मारण्याचं काम क्लोरीनचं. ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर काय किंवा मेडिक्लोर या द्रव क्लोरीनची बाटली काय, पाण्यात दोन्हींपासून हायपोक्लोरस आम्ल तयार होतं, आणि त्याची करामत मला फार देखणी वाटते. जंतूचं बाहेरचं आवरणही ऋण प्रभाराचं. हायपोक्लोरसचा रेणू प्रभारहीन, म्हणून तो बिनदिक्कत आत शिरतो आणि विकरांमधल्या (एन्झाइममधल्या) गंधकावर घाला घालतो. त्याच रेणूनं हायड्रोजन आयन गमावला की तो हायपोक्लोराइट होतो, स्वतःच ऋण. मग जंतू त्याला लांब ढकलतो आणि मारकता कित्येक पटींनी घटते. सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचं माप) ७.५ च्या आसपास दोघे निम्मे-निम्मे, ६.५ ला सुमारे नव्वद टक्के आम्लच. तुरटी सामू किंचित खाली आणते, म्हणजे क्लोरीनला मदतच करते. शिवाय गढूळ पाण्यातले सेंद्रिय पदार्थ क्लोरीन आधीच खाऊन टाकतात.

म्हणून क्रम चुकवू नका. आधी तुरटी, मग वरचं पाणी फडक्यातून दुसऱ्या भांड्यात, मग लेबलवरच्या मापानं क्लोरीन. अर्ध्या तासानं हलका वास आलाच पाहिजे; नसेल तर तेवढंच पुन्हा घाला आणि पुन्हा अर्धा तास थांबा. गॅस शिल्लक असेल तर एक मिनिट खळखळून उकळणं सर्वांत उत्तम, कारण क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही. डिझेल किंवा कीटकनाशक मिसळलेलं पाणी मात्र कशानंच पिण्याजोगं होत नाही.

तांब्याचा हंडा जंतू मारतो हे खरं, पण त्याला कित्येक तास लागतात, आणि पाणीही स्वच्छ लागतं. 'चुंबकीय' आणि 'ऊर्जाभारित' पाणी विकणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.

क्लोरीन ऊन आणि उष्णतेनं उडून जातं. सांगलीचा उन्हाळा काढलेल्या गेल्या वर्षीच्या बाटलीवर विसंबू नका. जूनच्या तोंडावर तारीख बघून नवी आणा, झाकण घट्ट लावा आणि पोरांचा हात पोहोचणार नाही अशा अंधाऱ्या फडताळात ठेवा.