मानेतली गाठ, जन्मजात अधू प्रतिकारशक्ती आणि लिम्फोमा

विदर्भातल्या खेड्यात लहान पोराच्या मानेला गाठ आली की पहिला संशय टीबीचा. त्यात वावगं काही नाही. टीबी इथे घरोघरी परिचयाचा. पण औषधं चालू असूनही गाठ वाढत राहते, मग सेवाग्राम किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजला तुकडा तपासला जातो आणि क्वचित लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर, निघतो. अशा काही मोजक्या पोरांची मागची कहाणी मोठी असते: सारखा न्यूमोनिया, वाहते कान, न थांबणारी हगवण, एखादा भाऊ तान्हेपणीच गेलेला. हे सगळं प्रतिकारशक्तीच्या एकाच जन्मजात दोषाचं असू शकतं, हे कळायला वैद्यकशास्त्राला अनेक दशकं लागली.

१९३७ मध्ये म्युनिकच्या आल्फ्रेड विस्कॉट यांनी तीन भावांची नोंद केली. रक्तस्राव, इसब, कानाचे संसर्ग; बहिणी मात्र ठणठणीत. १९५४ मध्ये रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी दाखवलं की हा दोष आईकडून मुलग्यांकडे येतो; हाच विस्कॉट-ऑल्ड्रिच आजार. त्याआधी, १९५२ मध्ये, ऑग्डेन ब्रुटन यांना वारंवार आजारी पडणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिनच, म्हणजे संसर्गाशी लढणारी प्रथिनंच, सापडलं नव्हतं. ते बाहेरून टोचता येऊ लागलं, अँटिबायोटिक्स आली, आणि पूर्वी तान्हेपणी दगावणारी ही मुलं जगू लागली. तेव्हा कुठे त्यांचा पुढचा शत्रू दिसला. अमेरिकेत मिनेसोटात अशा रुग्णांच्या कॅन्सरची नोंदवही ठेवली गेली. तिच्यात निम्म्याच्या आसपास नॉन-हॉजकिन लिम्फोमाच (लिम्फोमाचा एक मोठा गट) होते.

का, याची दोन उत्तरं मिळाली. पहिलं आफ्रिकेतून आलं. युगांडात डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये वर्णन केलेल्या जबड्याच्या गाठींत १९६४ साली एपस्टाइन-बार विषाणू दिसला. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो आणि शरीरात गप्प पडून राहतो. टी-पेशी आणि बी-पेशी या रक्तातल्या दोन प्रकारच्या प्रतिकारपेशी. विषाणूला दाबून ठेवणाऱ्या टी-पेशीच निकामी असतील, तर त्याने चाळवलेल्या बी-पेशी बेसुमार वाढतात. १९७५ मध्ये डेव्हिड पर्टिलो यांनी डंकन कुटुंबातल्या मुलग्यांत हेच दाखवलं. त्यामागचा जनुक सापडला १९९८ मध्ये.

दुसरं उत्तर अटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया या आनुवंशिक आजाराचं. पोरगं झोकांड्या देत चालतं, पुढे डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरा उमटतात. प्रतिकारपेशी घडताना आपलाच डीएनए कापून पुन्हा जोडतात, आणि एटीएम जनुक (ओळख १९९५) बिघडला की हे जोडकाम चुकतं. यातून ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि लिम्फोमा उद्भवतात. १९६० च्या दशकात अशा मुलांना नेहमीच्या मात्रेत रेडिएशन दिलं गेलं आणि त्याचे भीषण परिणाम झाले, तेव्हा हा दोष आणखी स्पष्ट झाला. हा आजार व्हायला दोषी जनुक आई-वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून मामाच्या मुलीशी झालेल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते.

हा हिशोब विदर्भाला नवा नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे 'एएस पॅटर्न' (एकाच पालकाकडून दोष, म्हणजे वाहक), 'एसएस पॅटर्न' (दोघांकडून दोष, म्हणजे रुग्ण) हे शब्द आश्रमशाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहेत. चंद्रपूरला आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र आहे. प्रतिकारशक्तीच्या दोषांसाठी एवढं काही उभं राहिलं नाही. माझ्या मते अडचण महागड्या जनुकीय चाचणीच्या कितीतरी आधी सुरू होते. ग्रामीण रुग्णालयातल्या साध्या सीबीसीतही (रक्तपेशींच्या मोजणीतही) इशारे असतात: तान्ह्या बाळात लिम्फोसाइट (टी-पेशी, बी-पेशी यांसारख्या पांढऱ्या पेशी) फारच कमी, किंवा प्लेटलेट कमी आणि आकारानेही बारीक. पण रिपोर्टवर बहुधा हिमोग्लोबिनच वाचलं जातं. त्यातच गाठीवर आणि तापावर स्टेरॉइड सुरू झालं, तर गाठ तात्पुरती बसते आणि पुढची बायोप्सीही फसवू शकते.

विस्कॉट-ऑल्ड्रिचवर अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९६८ पासून होतंय. देशाच्या २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणात तो आजार पहिल्या गटात, म्हणजे एकदाच्या उपचाराने बरे होऊ शकणाऱ्या आजारांत, आहे, आणि २०२२ पासून ठरावीक केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम त्यातलं एक. त्यासाठी आधी निदान कागदावर यावं लागतं. अटॅक्सियाच्या मुलाचा तोल प्रत्यारोपणाने सुधारत नाही. त्याच्या बाबतीत कॅन्सरच्या डॉक्टरांना आजार आधी सांगणं महत्त्वाचं, कारण रेडिएशन शक्यतो टाळावं लागतं आणि केमोची मात्राही जपून ठरवावी लागते.