आधी गाळा, मग ॲसिड

जुलैमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी तांबूस, गढूळ असतं. पश्चिमेकडच्या जांभ्या जमिनीची माती त्यात वाहून येते आणि या मातीचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा. समजा, याच पाण्यात विरघळलेलं लोह किती आहे ते मोजायचंय. बाटली भरली, धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटू नये म्हणून त्यात नायट्रिक ॲसिड घातलं आणि नमुना प्रयोगशाळेत धाडला. तिथलं यंत्र कितीही भारी असलं तरी आकडा फुगलेलाच येणार. ॲसिडमुळे सामू (pH) २ च्या खाली जातो आणि मातीच्या कणांतलं लोह सुटून पाण्यात उतरतं. नदीत जे विरघळलेलं नव्हतं, ते बाटलीत विरघळलं.

म्हणून आधी गाळायचं, मगच ॲसिड घालायचं. आणि गाळायचं ते शक्यतो नदीकाठीच, कारण वाटेत हवा लागून विरघळलेलं लोहही गंजासारखं खाली बसू लागतं.

यासाठी वापरतात तो मेम्ब्रेन फिल्टर म्हणजे बहुधा ४७ मिलिमीटर व्यासाची, कागदासारखी पातळ चकती. तिची छिद्रं ०.४५ मायक्रॉनची, माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. जे या छिद्रांतून गेलं ते विरघळलेलं, असं प्रयोगशाळांनी ठरवून घेतलंय. निसर्गाने अशी रेघ आखलेली नाही. मातीचे अतिसूक्ष्म कण ०.४५ मधून सहज निसटतात, ०.२ मायक्रॉनच्या चकतीवर त्यातले बरेचसे अडकतात. एकाच पाण्याचे दोन आकडे येतात ते यामुळेच. माझं तर ठाम मत आहे की फिल्टरचा आकार आणि नमुना कुठे, कधी गाळला, हे पाण्याच्या प्रत्येक अहवालावर छापलं पाहिजे.

पावसाळी पाणी गाळणं चिकाटीचं काम आहे. पंप सुरू केला की पहिल्यांदा धार लागते, मग थेंब, मग तेही अडखळतात. चकतीवर मातीचा थर साचतो आणि तो थरच गाळणी बनून आणखी बारीक कण अडवतो. मग आकडा उलट कमी येतो. अशा वेळी पंपाचा जोर वाढवू नये, चकती बदलावी किंवा वर काचतंतूंचा फिल्टर लावावा. गाळलेलं पहिलं थोडं पाणी टाकून देतात, म्हणजे चकतीतून काही उतरलं असेल तर तेही निघून जातं. रंकाळा तलावाच्या पाण्यातलं फॉस्फेट मोजायचं असेल तर चकती आधी शुद्ध पाण्यात भिजवून घ्यावी, कारण काही चकत्यांमधूनच थोडं फॉस्फरस सुटतं.

जिवाणूंच्या तपासणीत सगळं उलटं होतं. गाळून खाली आलेलं पाणी फेकायचं आणि चकती जपायची. नळाच्या पाण्यासाठीची बाटली निर्जंतुक असते आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं, नाहीतर उरलेलं क्लोरीन वाटेतही जिवाणू मारत राहील. १०० मिलिलिटर पाणी गाळलं की ज्योतीतून काढलेल्या चिमट्याने चकती उचलून पोषक माध्यमावर ठेवायची. खाली हवेचा बुडबुडा राहिला तर तिथल्या जिवाणूंना अन्न पोचत नाही. एंडो माध्यमावर ३५ अंशांना २४ तास ठेवल्यावर कोलिफॉर्मच्या, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंच्या, वसाहती हिरवट सोनेरी चमकतात, एकेक मोजता येते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू एकही आढळता कामा नये.

पण चकती कोरी राहिली, म्हणजे कावीळ होणारच नाही अशी हमी मिळत नाही. २०१२ मध्ये इचलकरंजीत हिपॅटायटिस ईची, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणाऱ्या विषाणूजन्य काविळीची, साथ आली होती. तो विषाणू मायक्रॉनच्या जेमतेम तिसाव्या भागाएवढा, ०.४५ च्या छिद्रातून बिनदिक्कत पार होणारा. त्यासाठी धनभारित मेम्ब्रेन वापरतात. विषाणूच्या कवचावर पाण्यात सहसा ऋणभार असतो, त्यामुळे छिद्र मोठं असूनही तो चिकटून राहतो. पुष्कळ लिटर पाणी असं गाळून, योग्य द्रावणाने विषाणू सुटे करून, मगच त्यांची जनुकीय तपासणी करता येते.