मागणी नोटीस आणि कब्जा सूचना: घर वाचवायला वकील कधी गाठायचा

‘बँकेची नोटीस आली’ एवढ्यावर कोणताही वकील सल्ला देऊ शकत नाही. तो आधी विचारेल, कलम कोणतं, १३(२) की १३(४)? सरफेसी कायदा, २००२ (कोर्टात न जाता तारण घराचा ताबा घेऊन लिलाव करायची मुभा बँकेला देणारा कायदा) खाली गृहकर्जाची वसुली होताना या दोन्ही नोटिसा येतात. दोन्हींवर बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याची सही असते, म्हणूनच गोंधळ होतो.

१३(२) ही मागणी नोटीस. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकून खातं एनपीए (थकीत, अनुत्पादक कर्ज) झालं की येणं रक्कम लिहून ‘६० दिवसांत भरा’ असं बँक कळवते. घर तुमच्याच ताब्यात असतं, पण बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते विकता किंवा भाड्याने देता येत नाही. या टप्प्यावर कर्ज वसुली न्यायाधिकरणात (बँकांच्या वसुलीचे वाद चालवणारं न्यायपीठ) जाता येत नाही, म्हणून लोक वकीलही करत नाहीत. खरी चूक इथेच होते. कलम १३(३अ) प्रमाणे तुम्ही लेखी हरकत घेतली, तर ती मान्य नसल्यास १५ दिवसांत कारणांसह उत्तर देणं बँकेला बंधनकारक आहे. उत्तर आलंच नाही, तर पुढच्या लढाईत तोच तुमचा मुद्दा होतो.

‘थोडी मुदत द्या, भरतो’ असं पत्र मात्र स्वतःच लिहून पाठवू नका. त्यात हरकत एकही नसते आणि सगळी रक्कम मान्य केल्यासारखं होतं. वकिलाला खाते उतारा द्या. एनपीएची तारीख बरोबर आहे का, भरलेले हप्ते जमा धरलेत का, दंडाची आकारणी करारात आहे का, हे त्याने ओळीओळीने तपासायला हवं. येणं रक्कम मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांहून कमी असेल, तर हा कायदाच लागू होत नाही. उत्तर शाखेत नेऊन देण्यापेक्षा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा.

१३(४) खालची कब्जा सूचना दारावर चिकटवली जाते आणि ७ दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. बहुतेक वेळा हा ताबा सांकेतिक, म्हणजे फक्त कागदोपत्री असतो. कुटुंब घरातच राहतं, स्वयंपाकघर चालू असतं, त्यामुळे काही झालंच नाही असं वाटतं. पण कर्ज वसुली न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्ज करायची ४५ दिवसांची मुदत सुरू झालेली असते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक नंतर कलम १४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा दंडाधिकाऱ्यांकडे जाते.

नेहमीच्या ओळखीच्या वकिलाने दिवाणी दावा टाकला तर कलम ३४ आडवं येतं, दिवाणी न्यायालयाला हा वाद चालवताच येत नाही, आणि दिवस वाया जातात ते वेगळंच. महाराष्ट्रात ही न्यायाधिकरणं मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तिथे नियमित उभा राहणारा वकील शोधा. कलम १७ चे किती अर्ज चालवले, हे विचारायला लाजू नका. नुसत्या अर्जाने लिलाव थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा लागतो. तो सोबतच देणार का, हेही विचारा.

पैशांचं आधीच लेखी ठरवा: मसुद्याचे किती, दर तारखेचे किती. न्यायाधिकरणाची फी यात धरू नका. २५ लाखांच्या येण्यावर ती ८,७५० रुपये होते. कलम १७ च्या अर्जासाठी थकबाकीची रक्कम आधी भरावी लागत नाही, पुढच्या अपिलाला मात्र ५० टक्के लागते, फार तर २५ टक्क्यांपर्यंत उतरते. ‘घर वाचलं तर इतके टक्के’ असा सौदा बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही, तेव्हा असं बोलणाऱ्याला पहिल्यांदा सनद (वकिलीचा परवाना) दाखवायला सांगा. कर्जदार महिला असेल, तर उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.

तडजोडीची बोलणी चालू असली तरी वर्तमानपत्रं रोज चाळा. पूर्ण येणं भरून घर सोडवण्याचा हक्क २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची सूचना प्रसिद्ध होईपर्यंतच असतो.