पांढरी बोटं आणि नखाचं मूळ

फ्रीजरमधून बर्फाचा ट्रे काढला आणि दोन बोटं एकदम पांढरीफटक पडली. थोड्या वेळानं निळसर, मग लालबुंद, आणि मुंग्यांबरोबर ठणका. घरात यावर ठरलेलं उत्तर मिळतं, 'तुला थंडी बाधते'. पण या त्रासाला नाव आहे. मॉरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ साली पॅरिसमध्ये आपल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं, म्हणून हा रेनोचा विकार.

आतली ऊब राखायला थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या सगळ्यांच्याच आकसतात. रेनोमध्ये बारीक धमन्या इतक्या आवळतात की रक्त जवळजवळ थांबतं. ते थांबलं की बोट पांढरं, अडकलेल्या रक्तातला ऑक्सिजन संपत आला की निळं, रक्त परत धावलं की लाल. कधी नुसत्या मानसिक ताणानंही हे घडतं. सावळ्या त्वचेवर हे रंग पुस्तकातल्यासारखे ठळक दिसत नाहीत. तळहाताच्या बाजूनं आणि नखांत बघावं. त्याच क्षणी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं पूर्ववत झालेली असतात, आणि निदान बरंचसं वर्णनावरच होतं. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून तपासायची गरज नसते.

खरा प्रश्न पुढचा. हा त्रास एकटाच आहे, की दुसऱ्या आजाराची चाहूल? किशोरवयात किंवा विशीत, दोन्ही हातांना सारखा सुरू झालेला रेनो बहुधा निरुपद्रवी असतो. मुलींमध्ये तो जास्त आढळतो. तिशीनंतर पहिल्यांदाच आला, एकाच हाताला होतो, बोटांच्या टोकांना जखमा होतात, कातडी ताठरते, सांधे सुजतात, तर स्क्लेरोडर्मा किंवा ल्युपस या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांचा विचार करावाच लागतो. इथे मला फार मोलाची वाटते ती एक साधी तपासणी. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहायचं. निरोगी माणसात केशवाहिन्यांची वळणं केसातल्या आकड्यांसारखी ओळीनं दिसतात. स्क्लेरोडर्मात ती फुगतात, काही गळून मध्ये रिकाम्या जागा राहतात, रक्ताचे ठिपके दिसतात. जोडीला एएनए, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतंय का हे पाहणारी रक्ततपासणी. दोन्ही निर्दोष असतील तर मोठी काळजी मिटते.

कामही विचारायला हवं. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या दगड घडवणाऱ्या कामगारांची पांढरी बोटं डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तपासली. दोष हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीच्या हादऱ्यांचा होता, आणि छिन्नी धरणारा डावा हात जास्त बिघडला होता.

उपायात नुसते हातमोजे पुरत नाहीत. धड गार पडलं तरी बोटं आकसतात, म्हणून स्वेटर, कानटोपी, पायमोजेही हवेत. विडी, सिगारेट, तंबाखू बंद. मायग्रेनच्या, रक्तदाबाच्या, सर्दीच्या काही गोळ्यांनी त्रास वाढतो. चालू औषधं डॉक्टरांना दाखवा, पण मनानं थांबवू नका. झटका आला की हात काखेत धरा किंवा कोमट पाण्यात बुडवा. बधिर बोटं शेगडीवर शेकू नका, भाजलेलं कळत नाही. एवढ्यानं भागलं नाही तर डॉक्टर निफेडिपिन किंवा अम्लोडिपिन ही रक्तवाहिन्या सैल करणारी औषधं देतात. बोटाच्या टोकाला जखम झाली किंवा ते काळं पडू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.