आकडा ९६, तरी न्यूमोनिया?

‘दहा सेकंद श्वास रोखता आला, तर तुमची फुप्फुसं ठणठणीत,’ हा संदेश २०२० मध्ये घरोघरी फिरला. थंडी पडली की आमच्या गावच्या ग्रुपवर तो अजूनही येतो, आणि तो साफ चुकीचा आहे. तरण्या माणसाला न्यूमोनिया झालेला असतानाही दहा सेकंद श्वास रोखता येतो. तान्ह्या लेकराला तर ‘रोख’ म्हणून सांगायचीही सोय नाही. त्याचं दुखणं ओळखायचं ते चालत्या श्वासावरून.

मागच्या कापूसवेचणीच्या दिवसांत यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात पाहिलेलं सांगते. सात महिन्यांचं बाळ, ताप आणि खोकला. आई म्हणाली, ‘‘सिस्टर, याची धाप कमीच नाही होऊन राह्यली जी.’’ रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर पायाला लावला, ९६ टक्के आले. सोबतचे काका म्हणाले, ‘‘मंग तं बराच हाये!’’ सिस्टरनी बाळाला आईच्या मांडीवर शांत होऊ दिलं, झबलं वर केलं, मनगटावरचं घड्याळ पोटाजवळ धरलं आणि पूर्ण एक मिनिट नुसत्या पाहत राहिल्या. अठ्ठावन्न श्वास! या वयाला मिनिटाला ५० किंवा जास्त म्हणजे ‘जलद श्वास’. न्यूमोनियाचं औषध तिथेच सुरू झालं.

मग ९६ हा आकडा खोटा होता का? नाही. इथेच खरी गंमत आहे.

न्यूमोनियात फुप्फुसातल्या बारीक वायुकोशांत पू आणि पाणी साचतं, आणि फुप्फुस ताठर होतं. नवा, जाड रबराचा फुगा फुगवताना गाल दुखतात, तसं ते. असं फुप्फुस पूर्ण ताणायला फार ताकद लागते. त्यामुळे शरीर लांब श्वास घेण्याऐवजी छोटे छोटे आणि भराभर श्वास घेऊ लागतं. फुप्फुसातल्या चेताटोकांकडून मेंदूला तशी खबरही जाते. म्हणजे वेग आधी वाढतो आणि त्या वेगाच्या जोरावर रक्तातला ऑक्सिजन काही काळ टिकून राहतो.

त्यात हिमोग्लोबिनचा, म्हणजे रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या लाल द्रव्याचा, स्वभावही भर घालतो. रक्तातला ऑक्सिजनचा दाब १०० वरून ६० मिलिमीटरपर्यंत उतरला, तरी हिमोग्लोबिनची संपृक्तता, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा आकडा, साधारण ९७ वरून ९० वरच येतो. त्याखाली मात्र तो कड्यावरून पडल्यासारखा घसरतो. आलेख काढला तर इंग्रजी ‘एस’सारखा वळणदार दिसतो. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात शोधलेलं तत्त्व वापरणारं ऑक्सिमीटर हे यंत्र फार मोलाचं आहे. ९० च्या खाली आकडा म्हणजे धोका, यात शंका नाही. पण श्वास मोजणं त्याच्याही आधी बोलतं.

छाती थापून आवाज ऐकणं (धान्याच्या पिंपावर टकटक करून भरलेलं किती ते ओळखतो, तसंच), स्टेथोस्कोप, एक्स-रे, रक्तातल्या वायूंची तपासणी हे सगळं पुढे आहेच. यातलं बरंचसं खेड्यात मिळत नाही. मिनिटभर मोजणं मात्र सगळीकडे मिळतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी लिहिता-वाचता न येणाऱ्या दायांसाठी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं श्वासमापक केलं: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि मिनिटाची वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. मला हे उपकरण कुठल्याही महागड्या यंत्राइतकंच थोर वाटतं.

आणि मेळघाटात अजूनही पोट फुगलं, धाप लागली म्हणून लेकराच्या पोटावर तापल्या सळईचे डंबे देतात, याचा मला मनापासून संताप येतो. जे पोट पाहून श्वास मोजायचे, तेच भाजतात! चटक्याने फुप्फुसातला जंतू मरत नाही, बाळाला नवी जखम तेवढी होते.

मोजायचं असेल तर बाळ झोपलेलं किंवा शांत हवं, दूध पिताना किंवा रडताना नको. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण तान्ह्यांचा श्वास मध्येच थबकतो आणि एका श्वासाची चूक चारची होते. दोन महिन्यांखाली ६०, एक वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. एवढे किंवा जास्त भरले तर त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ दूध ओढत नसेल किंवा ओठ निळे पडले असतील, तर मोजतही बसू नका. १०८ ला फोन करा.