चिनी आरसा की सेल्जुक?

संग्रहालयात 'आरसा' अशी पाटी असते आणि समोर दिसते हिरवट पडलेली कांस्याची गोल तबकडी. तोंड कुठे पाहायचं? चकचकीत बाजू खाली असते. आपल्याला दाखवतात ती नक्षीची पाठ. तिच्या मधोमध आरपार भोक असलेलं बोंड. त्यातून दोरी ओवून आरसा धरायचा किंवा टांगायचा.

ही घडण मूळची चीनची. हान काळात, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, तिथे असे आरसे सर्रास होत. पुढे 12व्या-13व्या शतकात, सेल्जुक या तुर्की घराण्याच्या काळात, इराण आणि अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) ओताऱ्यांनी तीच घडण उचलली. म्हणून लांबून पाहणारा हमखास फसतो.

जवळ गेलात की आधी बोंडाभोवती पाहा. हान आरशात तिथे अनेकदा चौकोन असतो: गोल आकाशात चौकोनी पृथ्वी. त्याच्या कडेने इंग्रजी टी, एल, व्ही या अक्षरांसारख्या खुणा आणि चार दिशांचे प्राणी. पुढच्या थांग काळात द्राक्षवेलींत खेळणारे सिंह आले. सेल्जुक आरशावर बहुतेकदा दोन स्फिंक्स पाठीला पाठ लावून उभे असतात: धड सिंहाचं, पंख पक्ष्याचे, चेहरा माणसाचा. काहींवर राशिचक्रही असतं.

खरी ओळख मात्र काठावरच्या अक्षरांत आहे. मजकूर दोन्हीकडे शुभच. एका प्रसिद्ध हान लेखाचा अर्थ असा: 'सूर्याचा प्रकाश दिसला की सारं जग उजळतं.' सेल्जुक काठावर कुफी या जुन्या, कोनदार अरबी लिपीतली अरबी आशीर्वादांची माळ असते: मान, दीर्घायुष्य, दौलत, वैभव... आणि शेवटी 'याच्या मालकाला, सदैव'. (दौलत हा शब्द तिथेही तोच, आणि आपला 'ऐना' फारसी.) मालकाचं नाव बहुधा नसतंच. माझ्या मते हा बाजारात तयार विकायचा माल होता. जो घेईल त्याला आशीर्वाद लागू.

अक्षरं लागत नसतील तर दोष तुमच्या डोळ्यांचा नाही. तयार आरसाच मातीत दाबून साचा काढायचा आणि त्यात नवा आरसा ओतायचा, अशी सोपी वाट होती. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे नकलेची नक्कल जराशी लहान आणि बरीच बोथट निघते. काही स्फिंक्सांना तर नाकडोळेच उरलेले नाहीत. चीनमध्येही जुन्या आरशांवरून नकला ओतल्या गेल्या, तेव्हा निव्वळ बोथटपणावरून निवाडा करू नये.

सगळे सेल्जुक आरसे असे बोंडाचे नव्हते. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात 13व्या शतकातला एक आरसा आहे: पोलादी, सोन्याचं जडावकाम केलेला, हातात धरायला दांडा असलेला. पाठीवर घोडेस्वार, त्याच्या हातावर शिकारी ससाणा. त्याला मात्र कोणी चिनी म्हणणार नाही.