फ्लॅटहेड फोर्डचं टायमिंग : स्टिअरिंगवरच्या दांडीपासून पुलीवरच्या खुणेपर्यंत

जुन्या फोर्डचं टायमिंग कसं लावायचं, असं कुणी विचारलं की आधी गाडीचं साल विचारावं लागतं. १९२५ची मॉडेल टी, १९३०ची मॉडेल ए, १९३६ची व्ही-८ (इंग्रजी V च्या आकारात आठ सिलिंडर) आणि १९५०ची व्ही-८, चारही इंजिनं फ्लॅटहेड. पण टायमिंग लावायची रीत चौघींची वेगळी. एकीची रीत दुसरीवर चालवायला गेलं की दिवस फुकट जातो. हा फरक पडला, कारण ठिणगी कधी पडायची हे ठरवण्याचं काम पंचवीस वर्षांत एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिलं.

फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसवलेले असतात. हेड म्हणजे वरचं सपाट झाकण. त्यामुळे जळणाची जागा पिस्टनच्या डोक्यावरून बाजूला, व्हॉल्व्हच्या दिशेने पसरते आणि ज्योतीला लांबचा पल्ला गाठावा लागतो. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या थोडं आधी ठिणगी पडली, तरच पूर्ण दाब पिस्टन खाली निघताना मिळतो. इंजिनाचा वेग वाढला की ज्योतीला वेळ कमी मिळतो, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी. हँडल मारून गाडी चालू करताना मात्र ती उशिराच हवी. आधी पडली तर पिस्टन उलटा ढकलला जातो, हँडल झटक्याने मागे फिरतं आणि मनगट मोडतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, ही शिकवण त्यातूनच आली.

१९०८ ते १९२७ या काळात दीड कोटी मॉडेल टी बनल्या. या गाडीत टायमिंग चालकाच्या डाव्या हाताशी होतं. स्टिअरिंगच्या डावीकडे ठिणगीची दांडी, उजवीकडे गॅसची, म्हणजे वेग कमी-जास्त करायची. ठिणगीची दांडी वर म्हणजे टायमिंग मागे, म्हणजे ठिणगी उशिरा; खाली ओढली की पुढे, म्हणजे ठिणगी लवकर. चढ आला की मागे घ्यायची, सपाट रस्त्यावर पुढे न्यायची, आणि हे सगळं कानाने. ठिणगी देणाऱ्या चार कॉइल (तारेची वेटोळी) लाकडी पेट्यांत बसवलेल्या असत आणि गुणगुणत. वीज यायची फ्लायव्हीलवरच्या १६ चुंबकांच्या मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या जनित्रातून. ती सलग नसे, एका फेऱ्यात १६ ठोके. त्यामुळे दांडी सावकाश सरकवली तरी टायमिंग टप्प्याटप्प्याने उडी मारतं. मॉडेल टीचं मूळ टायमिंग बदलायचं, तर टायमरला (कॉइलना पाळीपाळीने वीज जोडणाऱ्या भागाला) जाणारी सळई वाकवावी लागते. आज वाचायला हे रांगडं वाटेल, पण खेड्यातल्या शेतकऱ्याला पक्कड घेऊन करता येईल असंच ते योजलेलं होतं.

मॉडेल एमध्ये दांडी राहिली, पण मूळ टायमिंगसाठी नेमकी खूण आली. मला या सगळ्यांत ही रीत सर्वांत देखणी वाटते. टायमिंग गिअरच्या कव्हरवर एक पिन स्क्रूसारखी बसवलेली असते. ती काढायची, उलटी करून गोल टोक आत घालायचं आणि बोटाने दाबून धरायचं. दुसऱ्या हाताने इंजिन अगदी हळू फिरवायचं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या गिअरवर एक छोटा खळगा आहे. तो समोर आला की पिन बोटाखाली किंचित आत बसते. मग दांडी पूर्ण वर, डिस्ट्रिब्यूटरची (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणाऱ्या भागाची) टोपी आणि आत फिरणारा रोटर काढायचा, मधला स्क्रू सैल करायचा. रोटर परत ठेवला तर तो पहिल्या सिलिंडरच्या संपर्काकडे तोंड करून असेल आणि पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क) नुकते उघडू लागलेले असतील, अशा जागी डिस्ट्रिब्यूटरमधला कॅम आणून स्क्रू आवळायचा. पॉइंटचं अंतर मात्र त्याआधी लावलेलं हवं, साधारण ०.०२० इंच. नंतर अंतर बदललं की टायमिंगही सरकतं. शेवटी पिन पुन्हा सरळ करून बसवायची, हे विसरता कामा नये.

३१ मार्च १९३२ रोजी फोर्डने व्ही-८ आणली : २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती आणि संपूर्ण ब्लॉक एकाच ओतकामात. दांडी गेली. टायमिंग आता वेगावर फिरणारी वजनं सांभाळू लागली. शिवाय इंजिनावर ताण आला की ठिणगी मागे ओढणारा, व्हॅक्यूमवर चालणारा छोटा ब्रेक होता. चार हजार फेऱ्यांना मिनिटाला सोळा हजार ठिणग्या लागतात. तेवढ्यात कॉइल भरावी म्हणून पॉइंटच्या दोन जोड्या दिल्या. डिस्ट्रिब्यूटर थेट कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकावर, मध्यापासून सरकवलेल्या खाचेत बसतो, म्हणजे चुकीचा बसूच शकत नाही. पण तो जागेवर फिरवताही येत नाही. टायमिंग लावायचं ते डिस्ट्रिब्यूटर काढून, डीलरकडच्या फिक्श्चरवर, म्हणजे खास मापाच्या साच्यावर. गाडीवर करण्यासारखी एकच गोष्ट उरली, बाजूच्या स्क्रूने काही अंश इकडेतिकडे. चालकाकडून काम गेलं आणि रस्त्याकडेच्या मेकॅनिकलाही ते मिळालं नाही.

याच इंजिनात टायमिंगची चूक सर्वांत महाग पडते. व्ही-८ मध्ये धूर बाहेर जाण्याचे मार्ग ब्लॉकमधून, सिलिंडरना वळसा घालून जातात. ठिणगी उशिरा पडली तर अजून जळतच असलेला वायू त्या मार्गांतून निघतो आणि ती सगळी उष्णता पाण्यात उतरते. रेडिएटर साफ करून, पंप बदलूनही गाडी तापत असेल, तर डिस्ट्रिब्यूटर काढून तपासायलाच हवा.

१९४९ साली डिस्ट्रिब्यूटर उभा झाला, पुलीवर खूण आली आणि टायमिंग लाइट लावून, बोल्ट सैल करून काम होऊ लागलं. विलीजच्या जीपमध्ये ही सोय युद्धकाळातच होती. तिचं चार सिलिंडरचं इंजिनही फ्लॅटहेडच. फ्लायव्हीलवरची खूण हाउसिंगच्या भोकातून दिसते आणि टायमिंग वरच्या टोकाआधी ५ अंश. १९४७ पासून मुंबईत महिंद्रने विलीज जीप जोडायला घेतल्या, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकांना ही रीत परिचयाची आहे.

एक रीत मात्र आता सोडून द्यायला हवी. पेट्रोलमध्ये शिसं मिसळून विकणं सुरू झालं १९२३ साली. त्याआधीचं पेट्रोल इतकं कमी ऑक्टेनचं होतं, की टायमिंग जरा पुढे गेलं की इंजिन लगेच नॉक करायचं, म्हणजे इंधन अवेळी भडकून ठकठक आवाज यायचा (ऑक्टेन जितकं जास्त, तितकं पेट्रोल याला कमी बळी पडतं). म्हणून नॉकिंग येईपर्यंत पुढे न्यायचं आणि थोडं मागे घ्यायचं, अशी सवय पडली. मॉडेल एचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते, जेमतेम ४.२२. आजच्या ९१ किंवा त्याहून जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर ते सहसा नॉक करतच नाही. त्यामुळे कान इशारा देत नाहीत आणि टायमिंग नको तितकं पुढे जातं. आधी पिनवर किंवा खुणेवर लावा. मग एखाद्या लांब चढावर गाडी कशी खेचते आणि पाणी किती तापतं ते पाहा, आणि बदल करायचाच तर एका वेळी एखाद्या अंशापेक्षा जास्त करू नका.